चाकामागे बारा हजार

"पाणी जरा बी हाललं न्हाई, सायेब," पुंजाराम खड्ड्याशी उकिडवा बसून म्हणाला. त्याच्या हातात तुरीची काडी होती. काल संध्याकाळी त्याने तिच्यावर नखाने खूण केली होती आणि पाणी अजून त्या खुणेलाच टेकलेलं होतं.

ओव्हरसियर शरदचंद्रांनी सायकल बाभळीला टेकवली, पँटच्या पायांच्या क्लिपा काढल्या आणि खड्ड्याकडे न बघताच म्हणाले, "तुझं ते घागरीचं शास्त्र राहू दे. ट्रक आलाय. जॅक लाव."

घागरीचं शास्त्र पुंजारामच्या बापाचं होतं. काळ्या रानात घर बांधायचं असो की पूल, आधी हातभर खड्डा खणायचा, त्यात घागर रिकामी करायची आणि घरी जाऊन निजायचं. सकाळी पाणी जिरलेलं असलं तर जमीन तहानलेली आहे, कडक आहे, खुशाल वजन टाका. पाणी तसंच उभं असलं तर ती पोटभर पिऊन फुगलेली आहे. वरून कितीही टणक दिसो, आत लोणी. एकोणीस वर्षं बांधकाम खात्याच्या हजेरीपटावर मेट, म्हणजे गँगचा मुकादम म्हणून काढलेल्या पुंजारामने हे शास्त्र सात ओव्हरसियरांना सांगून पाहिलं होतं. सातही जण हसले होते आणि त्यांतल्या तिघांचे पूल खचले होते. तरी त्या तिघांची बदली झाली ती बढतीवरच.

जालन्याहून बदनापूरकडे जाताना लागणारी ही विमानाची पट्टी लढाईच्या काळात, निजामाच्या राजवटीत घाईघाईने झाली होती. वर सहा बोटं मुरूम, खाली वीतभर दगड आणि त्याच्याखाली थेट काळी जमीन. एका टोकाला फळी उभी होती : एका चाकाला चार हजार पौंड. म्हणजे चारपाच माणसांची लहान विमानं उतरावीत, मोठ्यांनी दुसरीकडे जावं. आजवर कुणी भांडलं नव्हतं. पण आता १९५५च्या दसऱ्यानंतर हैदराबादहून एक मंत्री दवाखान्याची कोनशिला बसवायला येणार होते. आधी ते लहान विमानाने येणार होते. मग सचिव वाढले, सचिवांचे सचिव वाढले, मंत्र्यांच्या घरची मंडळी वाढली, आणि विमान वीसपंचवीस माणसांचं मोठं डकोटा झालं. डकोटाचं सगळं वजन पुढच्या दोन चाकांवर. हैदराबादने पत्र टाकलं : पावसाळ्यानंतर जमीन तपासून, चाकामागे बारा हजार पौंड पेलतील किंवा कसे, उलट टपाली कळवावे.

'किंवा कसे' हे लिहिण्यापुरतं. मंत्र्याला 'नाही पेलत' असं कळवणारा ओव्हरसियर जन्मभर ओव्हरसियरच राहतो, हे शरदचंद्रांना कुणी शिकवायला नको होतं.

दगडांनी भरलेला ट्रक पट्टीवर उभा केला. त्याच्या पोटाखाली जाड लोखंडी थाळी जमिनीवर ठेवली, थाळीवर जॅक बसवला. जॅकचा दांडा हापसला की तो वरून ट्रकला रेटायचा आणि खालून थाळी जमिनीत दाबायचा. किती पौंडांचा दाब पडतोय ते जॅकच्या घड्याळात काट्याने दिसायचं. गँगमधला भुजंग दांडा मारत होता. पुंजाराम पालथा पडून काटा वाचत होता.

"तीन हजार... साडेतीन... चार हजार. थाळी हाय तिथंच हाय. साडेचार. पाच हजार..." तो थांबला. "बसून राह्यली, सायेब. थाळी खाली चालली."

"हापस अजून."

भुजंगने हापसलं. काटा पुढे सरकेना. थाळी मात्र सरकत होती, आवाज न करता. पुंजारामने तिच्या कडेला बोट लावलं. दोन बोटं आत गेली होती आणि कडेने काळं पाणी वर येत होतं.

शरदचंद्रांनी वही मिटली. भुजंगला पाणी आणायला पाठवलं आणि ट्रकच्या सावलीत खाली बसले. हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुंजारामला इंग्रजी आकडे त्यांनीच शिकवले होते. निजामाच्या वेळी हजेरी उर्दूत असायची, तेव्हा पुंजाराम माणसांची नावं नुसत्या आकारावरून ओळखायचा. पोलिस ॲक्शननंतर मराठी आली, तेव्हा चाळिशी ओलांडलेला हा माणूस पाटीवर आपलं नाव गिरवायला बसला. आणि जॅक आला तेव्हा शरदचंद्रांनी जेवणाच्या सुट्टीत मुरुमावर काडीने आकडे काढून दाखवले. गँगमध्ये घड्याळ वाचणारा तो एकटा. त्याला त्याची केवढी मिजास होती ते विचारू नका.

"मे महिन्यात आपण चाचणी घेतली तेव्हा किती आलं होतं?" शरदचंद्रांनी विचारलं.

"बारा हजार. पन मे महिन्यात काळी म्हंजी लोखंड राहती, सायेब. आता—"

"तेच लिहितोय मी. तारीख आजची." त्यांनी कागद पुढे केला. "घड्याळ वाचणाऱ्याची सही लागते. इथे."

पुंजाराम कागदाकडे बघत राहिला. बारा हजार हा आकडा त्याला स्वच्छ वाचता येत होता.

"हे झूट हाय, सायेब."

"पुंजाराम, तुला नोकरीत कायम करण्याचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर आहे. मीच शिफारस केलीय. उद्या ही राज्यं मोडणार, आपण मुंबईत जाणार की कुठे, देव जाणे. जे कायम आहेत तेवढेच पुढे जातील. हजेरीपटावरच्यांना कोण विचारणार? आणि आता मी साहेबांना कळवलं की विमान उतरणार नाही, तर ते तुझा कागद हातात धरतील असं वाटतं तुला?"

एकोणीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नाव नव्याने चढायचं. ताप आला तर खाडा, बाप मेला तर खाडा. कायम झालं की म्हातारपणी पेन्शन, आजारपणात रजा, आणि नाव एकदा लिहिलं की लिहिलं. बायकोने, द्वारकाबाईने, गल्लीत सांगूनसुद्धा टाकलं होतं.

"ते उतरून किती येळ उभं राहनार?" त्याने विचारलं.

"तासभर. का?"

"चालती गाडी जाती, सायेब. उभी गाडी रुतती. उभं राह्याची जागा मी सांगीन तिथंच राहिलं पायजे. आठ दिवस हायेत. मी जागा पक्की करतो."

"कर ना. कोण नको म्हणतंय?"

पुंजारामने सही केली. पुं, जा, रा, म, एकेक अक्षर दाबून. लबाडी केली हे त्याला पक्कं माहीत होतं. पण ती लबाडी आठ दिवसांत खरी करून दाखवायची, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि त्यामुळे त्याला झोपही लागली.

नवरात्रात गँग तिथे राबली तशी कधी राबली नव्हती. पट्टीच्या कडेला, जालन्याच्या बाजूला, चाळीस फुटांचा चौक आखला. काळी माती कमरेइतकी खणून काढली. जुन्या बांधाचे दगड आणून तीन थर बसवले, फटींत खडी ठोकली, वर मुरूम, पाणी, बैलांचा दगडी रूळ. पुन्हा मुरूम, पुन्हा रूळ. पुंजाराम स्वतः दगड बसवत होता. त्याची नखं फुटली. भुजंग म्हणाला, "मामा, इतकं तर देवळाच्या पायाला बी करत न्हाईत." पुंजाराम म्हणाला, "देऊळ उडून जात न्हाई भुजंगा, त्याला घाई नसती." शेवटच्या दिवशी त्याने जॅक लावला. भुजंगने हापसलं, काटा बारा हजारांवर गेला, आणि थाळी तसूभरही हलली नाही. पुंजारामने चौकाच्या चारी बाजूंना चुन्याची रेघ मारली आणि शरदचंद्रांना नेऊन दाखवली.

"विमानवाल्याला सांगा, चाकं ह्या रेघंच्या आत."

"सांगतो."

त्यांनी सांगितलंही होतं, तसं पत्र गेलं होतं. पण विमानाच्या दिवशी सकाळी पुंजाराम पट्टीवर आला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चौकावर मांडव उभा होता. लाल-पिवळं कापड, झालरी, सतरंज्या, साठ खुर्च्या, मधे गादीची खुर्ची. चुन्याच्या रेघेवर केळीचे खांब रोवले होते.

स्वागत समितीचे गिरिधरशेठ, नव्या जालन्यातले कापसाचे व्यापारी, जिलब्यांची टोपली कुठे ठेवायची ते सांगत उभे होते. त्यांनी पुंजारामला पाहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा रे मेट! मांडवासाठी काय ओटा बांधलास! बाकी सगळीकडे चिखल. इथे बघ, पाहुण्यांच्या बुटांना डाग लागणार नाही. बिलकुल फर्शी केलीस."

"शेठ, ही मांडवाची जागा न्हाई. विमान उभं राह्याची जागा हाय."

शेठ मनापासून हसले. "विमान सरकारचं आहे बाबा, त्याला काय धोतर नेसलंय, चिखलात भिजायला?"

पुंजाराम शरदचंद्रांकडे धावला. ते आधीच मांडव पाहून पांढरे पडले होते. पण तहसीलदारांनी मांडवाची जागा पाहून मान डोलावली होती, फोटोवाला आला होता, आणि आकाशात घरघर सुरू झाली होती.

"तासाभराचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. ते पुंजारामला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही.

डकोटा उतरलं. ओल्या मुरुमाचे खडे उडाले, लोक टाळ्या वाजवू लागले. ते पट्टीवरून धावलं, वळलं आणि मांडवासमोर, चौकापासून वीस पावलांवर उभं राहिलं. चाकं मुरुमाच्या वरच्या वर, रुतली नाहीत. शरदचंद्रांचा जीव भांड्यात पडला. जाता जाता ते पुंजारामच्या कानाशी म्हणाले, "पाहिलंस? उगीच घाबरवतोस."

हार झाले, आरती झाली, भाषणं सुरू झाली. तहसीलदार बोलले, शेठ बोलले, मग मंत्री उठले. पुंजाराम विमानाच्या चाकाशी जाऊन बसला. त्याने चाकाच्या बुडाशी बोट धरलं. एक बोट. मंत्री मराठवाड्याच्या मागासलेपणावर आले तेव्हा तीन बोटं. दवाखान्याच्या खाटांवर आले तेव्हा चार, आणि मुरुमाला भेग पडून तिच्यातून ओल वर आली. पुंजाराम बोटं मोजायला पुन्हा वाकला तोच हातावर छडी बसली.

"हात कामून लावतो रे? तुझ्या बापाचंय का?" बंदोबस्ताचा शिपाई होता.

"जमादार, हे खाली बसून राह्यलं. सायेबाला सांगा, जल्दी. थोडं पुढं घ्या म्हनावं, वाचंल."

"भाषण चालूय. पळ तिकडं."

तो मांडवाच्या मागून शरदचंद्रांपर्यंत गेला. शरदचंद्रांनी ऐकलं, मंत्र्यांकडे पाहिलं, खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले. मंत्र्यांचं भाषण मधेच कसं थांबवायचं? ते दीड तास चाललं. मग मंडळी मोटारीने जाऊन कोनशिला बसवून आली, जिलब्या खाल्ल्या आणि विमानात चढली.

इंजिनं गरजली. विमान हललं नाही. आणखी गरजली. मग एक चाक किंचित पुढे आलं आणि दुसरं तिथेच, मुरूम फोडून, दगडांसकट आत गेलं. अख्खं विमान एका बाजूला कललं, पंखाचं टोक जमिनीला लागलं आणि फिरता पंखा मातीत घुसून वेडावाकडा झाला. काळा चिखल मांडवाच्या झालरींपर्यंत उडाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मागची पोरं हसली, आणि मग पोलिसांनी पोरांना झोडपलं.

खरं सांगायचं तर पुंजारामला पहिल्या क्षणी बरंच वाटलं. पाच हजार म्हणजे पाच हजार. जमीन त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. दुसऱ्या क्षणी त्याला आपली सही आठवली.

मंत्री जालना स्टेशनवरून आगगाडीने गेले. चौथ्या दिवशी औरंगाबादहून मोठे साहेब चौकशीला आले आणि डाकबंगल्यात बसले. बाहेर व्हरांड्यात हेडक्लार्क बद्रीनाथने पुंजारामला बाजूला घेतलं.

"नीट ऐक. साहेब विचारतील, घड्याळ कोणी वाचलं. तू म्हण, मला वाचता येत नाही, सही तेवढी गिरवायला शिकलो. अडाणी माणसावर सरकार जबाबदारी टाकत नाही. सगळं ओव्हरसियरवर जाईल. तुझा कागद तयार आहे, आज सहीला ठेवलाय मी. बराबर बोललास तर संध्याकाळी कायम होशील."

"आन् ओव्हरसियर सायेब?"

"ते त्यांचं बघतील. त्यांना मामा आहे हैदराबादला."

आत शरदचंद्र टेबलाशी उभे होते. त्यांनी पुंजारामकडे पाहिलं नाही. साहेबांना सांगत होते, "मी थाळी किती बसली ते मोजत होतो, सर. घड्याळ मेटने वाचलं. त्याने सांगितला तो आकडा मी लिहिला. त्याला उत्तम वाचता येतं, मीच शिकवलंय."

साहेबांनी वर पाहिलं. "याला? इंग्रजी आकडे?" त्यांना हसू आलं. "का रे, येतं का तुला वाचता?"

बद्रीनाथ दारातून डोळ्यांनी खुणावत होता. पुंजारामने खाली बघितलं. नाही म्हणायचं, एवढंच. एकोणीस वर्षांत किती वेळा 'नाही' म्हटलं होतं त्याने, किती वेळा 'हो जी' म्हटलं होतं.

साहेबांना त्याचं गप्प राहणं पुरलं. "सोडा हो," ते शरदचंद्रांना म्हणाले, "अशा माणसाच्या भरवशावर तुम्ही विमान उतरवता? याला आकडा आणि मुंगी यातला फरक तरी कळतो का? याच्या सहीला सही म्हणायचं?" आणि टेबलावर पुरावा म्हणून आणलेला जॅक त्यांनी सहज पुढे ओढला, टेबलाच्या खालच्या आडव्या लाकडावर ठेवून त्याचं तोंड वरच्या चौकटीखाली अडकवलं आणि दोनदा दांडा मारला. "सांग बरं, काय दिसतंय? मुंग्या?"

"दोन हजार सातशे," पुंजाराम म्हणाला.

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. पुन्हा दांडा मारला.

"तीन हजार चारशे."

पुन्हा.

"चार हजाराला एक रेघ कमी. तुमचं टेबल मोडंल, सायेब."

साहेब हसले नाहीत. त्यांनी जॅक सोडला. "मग त्या दिवशी काय दिसलं होतं?"

"पाच हजार. मंग थाळी बसली. मी तसं बोललो व्हतो."

"आणि सही बारा हजारावर केलीस."

"केली."

"का?"

ओव्हरसियरने करायला लावली, हे म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. शरदचंद्रांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पण सही करताना हात कुणी धरला नव्हता.

"कायम व्हायचं व्हतं, सायेब," पुंजाराम म्हणाला.

साहेबांनी फाईल उघडली. आतला एक टंकलेला कागद बाहेर काढला, वाचला, लाल शाईची लेखणी घेऊन त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली. पुंजारामला त्या कागदावर आपलं नाव दिसलं. टंकलेलं नाव त्याने जन्मात पहिल्यांदाच पाहिलं.

घरी द्वारकाबाईने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमाला वाचता येतंय हे कुनाला दाखवायचं व्हतं?"

"मुंग्या म्हनला त्यो."

"म्हनू द्यायचं. मुंग्या म्हनल्यानं कुनी मरत न्हाई. म्हातारपनी उपाशी मरतं मानूस." तिने भाकरी तव्यावर टाकली. "हात दाखवून अवलक्षण. आता काय त्या घड्याळाला जेवू घालता?"

ती म्हणत होती ते बरोबरच होतं.

गावात लोक म्हणाले, चोर सोडून संन्याशाला फाशी. पण पुंजाराम काही संन्यासी नव्हता, सही त्याने केली होती. आणि शरदचंद्रही सुटले असं नाही. त्यांना एक कडक पत्र मिळालं आणि चार महिन्यांनी मोठ्या गावी बदली मिळाली. पत्राची प्रत त्यांनी फाडून टाकली असेल. जाताना ते पुंजारामला भेटायला आले नाहीत, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

पुंजारामला खात्यातून काढायचा हुकूम होता. गँगने बद्रीनाथच्या हातापाया पडून एवढंच मिळवलं की त्याला मेटपणावरून काढून साध्या रोजंदारीवर, नवीन माणूस म्हणून घ्यावं. मेट भुजंग झाला.

दिवाळीनंतरच्या पहिल्या तारखेला अंबडच्या रस्त्यावर काम निघालं. सकाळी हजेरी. एकोणीस वर्षं हजेरी पुंजारामने घेतली होती. आता तो ओळीत सगळ्यांच्या शेवटी, कालपरवा आलेल्या माणसांच्याही मागे उभा होता. भुजंगच्या हातात नवा पट होता. शेवटच्या नावासमोर कामावर लागल्याची तारीख होती, आजची. भुजंगला वाचता येत नव्हतं. तो बोटाने ओळी मोजत, पाठ केलेली नावं घेत खाली आला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"मामा..." तो म्हणाला.

"हजेरीला मामा नसतो, भुजंगा," पुंजाराम म्हणाला. "नाव घे."

भुजंगने त्या ओळीवर बोट टेकलं. "पुंजाराम."

"हजर," पुंजाराम म्हणाला आणि टोपलं उचललं.